सव्वीस इंची चाक

माझा स्वभाव आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून तक्रार नको. राग माझ्या नाकावर असतो. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी दिवसभर काचा घासते, आणि एखादी काच केसभर जास्त घासली गेली तर मशिनला शिव्या घालते. नवरा म्हणतो, "हिच्या हातून काच फुटत नाही, कारण काचच हिला घाबरते." घाबरू दे. तर अशा बाईने आयुष्यात एका माणसाचं मुकाट्याने ऐकलं, त्या माणसाबद्दल मला सांगायचं आहे.

त्यांना सगळे कंडक्टर म्हणतात. मी कंडक्टरकाका म्हणते. एकतीस वर्षं बसच्या दारात उभं राहून ते निवृत्त झाले, आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. आमच्याकडे वर्षातून एकदा डोंगरावर हौशी सायकलवाल्यांची शर्यत होते. आठ किलोमीटर चढ, वर माथ्याभोवती सहा किलोमीटरचा फेरा, आणि आल्या वाटेने परत खाली. सकाळी सातला सुरू होते, अकराला बंद. त्या शर्यतीत काका सतरा वर्षं शेवटचे येतात. हरतात म्हणून नाही हो, ते त्यांचं काम आहे. सगळ्यांच्या मागून शेपटासारखं जायचं, कोणाची साखळी तुटली, कोणाचं पंक्चर झालं, कोणाचा धीर सुटला, तर थांबायचं. त्यांच्या मागे कोणी राहता कामा नये. बसचा जुना तिकीटपंच त्यांच्या खिशात असतो. निघताना प्रत्येकाच्या छातीवरच्या नंबराला ते एक भोक पाडतात. दुसरं भोक काका स्वतः खाली पोचल्यावर. म्हणून पहिला आलेला पठ्ठ्यासुद्धा दोन-दोन तास त्यांची वाट बघत केळी खात बसतो. दोन भोकं पडली की तुमची शर्यत पुरी झाली. नंतर सायकलच्या हँडलला लावलेली बसची घंटा ते दोनदा वाजवतात, आणि मग लोक घरी जातात.

पाच वर्षांपूर्वी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. दिवसभर वाकून माझी मान आखडली होती, आणि धाकट्या दिराने हौस फिटल्यावर जिन्याखाली टाकून दिलेली सायकल नुसतीच धूळ खात होती. मी ती पुसली आणि थेट शर्यतीत नाव दिलं. अर्धवट शहाणपण काय असतं ते ऐका. टायरवर हवेचा सगळ्यात मोठा आकडा छापलेला असतो, तेवढी हवा मी भरली. टायर दगड झाले. आणि ब्रेकची चकती कुरकुरत होती, म्हणून तिच्यावर शिलाई मशिनचं तेल घातलं. चांगले चार थेंब, दोन्ही चाकांना. कुरकुर लगेच बंद झाली. मी खूश!

चढावर ब्रेक लागतो कुठे? उतार लागला आणि मी ब्रेक दाबला, तर सायकल आपली चाललीय. झुडपात घुसून थांबले, दोन्ही कोपरं सोलली. मग सायकल हातात धरून चालत उतरायला लागले. बाकीचे केव्हाच खाली गेले होते. मागे बघते तर एक म्हातारा जुनाट सायकलवर गोगलगाईसारखा माझ्या मागे मागे. मी उभी राहिले की तोही उभा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काय तमाशा बघताय?" मी ओरडले. "जा ना पुढे! रस्ता काय माझ्या बापाचा आहे?"

"मला पुढे जाता येत नाही बाई," तो शांतपणे म्हणाला. "मी शेवटचा आहे."

"शेवटची मी आहे, दिसत नाही का?"

"तुम्ही शेवटून दुसऱ्या. शेवटची जागा माझी. ती मी कोणाला देत नाही."

तो सायकलवरून उतरला, माझ्या चाकाशी वाकला, चकतीला बोट लावून त्याने वास घेतला. "तेल घातलंत?"

"कुरकुरत होती!"

तो हसला नाही. फक्त तोंड फिरवून थोडा वेळ डोंगराकडे बघत राहिला, आणि त्याचे खांदे हलत होते. मग त्याने विचारलं, जवळ स्पिरिट वगैरे काही आहे का. माझ्या पिशवीत काचा पुसायची बाटली आणि फडकं कायम असतं. त्याने चकत्या पुसल्या, ब्रेकचे गुटके काढून खडबडीत दगडावर घासल्या, टायरमधली हवा अंगठा जरा आत जाईपर्यंत सोडली. सीट चार बोटं खाली घेतली. "चढावर सीट वर, उतारावर खाली. आणि घट्ट टायर दगडावर उडतो, मऊ टायर दगडाला धरून राहतो. माणसांचंही तसंच असतं," असं म्हणून माझ्याकडे बघितलं. टोमणा होता, कळला मला. अकराला आठ मिनिटं कमी असताना मी खाली पोचले. त्याने माझ्या नंबराला दुसरं भोक पाडलं आणि विचारलं, "काम काय करता?" मी सांगितलं. त्या दिवसापासून मी भिंगबाई झाले.

पुढे मी त्यांच्या घरी जायला लागले. इस्त्रीच्या दुकानावर दोन खोल्या. स्वयंपाकघरात छताला हुक, आणि हुकांना चाकं. एकोणीस मोजली मी. काकू म्हणायच्या, "पातेलं काढायला हात वर करावा तर चाक हातात येतं. लग्नात मला सांगितलं होतं, मुलाला कसलं व्यसन नाही." तरी चाकांवरची धूळ काकूच पुसायच्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

सगळी चाकं सव्वीस इंची. आजकाल ती कोणी घेत नाही. दुकानात जा, एकोणतीस इंची चाक, पुढे-मागे सस्पेन्शन, आणि किंमत ऐकून माणूस खालीच बसतो. मी स्वतःची सायकल घ्यायला निघाले तेव्हा काका बरोबर आले. दुकानदाराने मोठ्या चाकाचं गुणगान सुरू केलं.

"खरं बोलतोय तो," काका मला म्हणाले. "मोठं चाक दगडावरून अलगद जातं. वेळही वाचतो. पण तुझी उंची बघ आणि हा घोडा बघ. आणि दुसरं, आपल्या दहा-बारा जणांकडे सगळ्यांचं सव्वीस आहे. चकतीही एका मापाची, चाक सोडवायचा खटकाही एकाच जातीचा. चाक असं घ्यावं, की वेळ पडली तर शेजाऱ्याच्या सायकललाही बसेल."

मी सव्वीस इंची घेतली, आणि लोकांनी चार वर्षं मला हसून घेतलं. त्यात एक बेकरीवाली. माझ्याच वयाची, माझ्याच गटातली, गुळगुळीत एकोणतीस इंची सायकलवाली. "अगं, अजून मुलीची सायकल चालवतेस?" म्हणायची. दरवर्षी ती तिसरी आणि मी चौथी. शिवाय मागून येताना 'डावीकडून' म्हणून हाक द्यायची नाही, सूं करून अंगावरूनच जायची. मी काकांकडे तणतणायचे.

काकांचे नियम थोडे होते, पण पक्के. मागून पुढे जाताना हाक द्यायची. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं, कारण चढणाऱ्याचा एकदा मोडलेला दम पुन्हा लागत नाही. कोणी खाली बसलेला दिसला की 'ठीक?' विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत पुढे जायचं नाही. आणि कोणी वाट दिली, की धन्यवाद म्हणायचं.

"काका, धाप लागलेली असते हो! श्वास घेऊ की आभार मानू?"

"आभार मान. श्वास काय, तो पुढच्या वळणावर मिळतो."

एकदा मी विचारलं, की शेवटचंच काम का धरलंत? ते साखळीला तेल देत होते. म्हणाले, "नोकरीच्या पहिल्या वर्षी मागे न बघता डबल बेल दिली. एक बाई चढली होती, तिची सासू खालीच राहिली. म्हातारीला दिसायचं कमी. बाईने असा आकांत केला! पुढच्या थांब्यावर उतरून मी उलटा पळत गेलो. म्हातारी जागच्या जागी उभी होती, हात पुढे करून, बसचा दांडा शोधत." त्यांनी साखळी एकदा फिरवली. "तेव्हापासून मोजतो."

आता यंदाचं. शर्यतीच्या आधी समितीची बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले की जग कुठे चाललंय, शेपटाला आता मोटारसायकल हवी. मागे राहणाऱ्याला उचलायचं, गाडीवर घालायचं आणि खाली आणायचं, म्हणजे झालं. अध्यक्ष स्वतः सायकलवर कधी बसलेले नाहीत, उंटावरून शेळ्या हाकायचं काम. मी उठून बोलणार होते, काकांनी माझी बाही ओढली. शेवटी ठरलं ते असं, की यंदा कंडक्टरना शेवटची संधी. मोजणी एकानेही चुकली किंवा शेपूट अकराच्या पुढे गेलं, तर पुढच्या वर्षी मोटारसायकल. काका "बरं" म्हणाले. घरी जाताना मात्र जिन्यावर थांबून मला म्हणाले, "भिंगबाई, हे काम गेलं तर मी सकाळी उठून करू काय?"

शर्यतीला चौऱ्याऐंशी जण. काकांनी चौऱ्याऐंशी भोकं पाडली. सगळ्यात नवी होती एक नर्सबाई. रात्रपाळ्या करून करून वैतागलेली, काकांनीच तिला जुन्यातली सव्वीस इंची सायकल शोधून दिली होती. "मी पोचेन ना हो?" ती पाच वेळा विचारत होती. काका पाचही वेळा म्हणाले, "तुमच्या मागे मी आहे."

माझं त्या दिवशी काय जमून आलं कोण जाणे. पाय हलके, दम लांब. माथ्याच्या फेऱ्यात मी बेकरीवालीला गाठलं, "डावीकडून!" म्हणून खणखणीत हाक दिली आणि पुढे गेले. तिसरी! पाच वर्षांत पहिल्यांदा. उतार सुरू झाला, सीट खाली, टायर मऊ, सायकल वाटेला चिकटून चाललेली. मनात तर मी विजेत्यांच्या ओट्यावर उभी राहून फोटोसुद्धा काढून घेतला होता.

दोन किलोमीटर उतरले, तर समोरून नर्सबाई चढत येताना दिसली. एकटीच. नियम म्हणजे नियम, मी कडेला थांबले. ती धापा टाकत "धन्यवाद" म्हणाली, आणि माझी नजर तिच्या पुढच्या चाकावर गेली. चाकाच्या तारांना काका लावतात तशी लाल चिकटपट्टी. ते काकांचं चाक होतं.

"काका कुठायत?"

"मागे," ती रडवेली झाली. "माझं चाक दगडावर आपटून वाकलं. त्यांनी स्वतःचं काढून दिलं. म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी येतो. कसे येणार हो?"

वळणाखाली काका दिसले. बिनचाकाची सायकल एका खांद्यावर, नर्सबाईचं वाकडं चाक दुसऱ्या हातात, आणि चढावर पाऊल पाऊल टाकत चाललेले. घामाने सदरा अंगाला चिकटलेला. मला बघताच कडेला सरकून त्यांनी वाट दिली, चढणारे ते असून.

"ठीक?" मी विचारलं.

"ठीक. जा तू. तिसरी आहेस, मोजलंय मी."

फोनला तिथे रेंज नाही. घड्याळात पावणेनऊ झाले होते. वर दोन किलोमीटर, सहाचा फेरा, आठ उतार, आणि हे चालत. अकराला कुठले पोचतायत! नर्सबाई वर एकटी, फेऱ्यात दोन ठिकाणी वाट कड्याच्या काठाने जाते. खाली अध्यक्ष घड्याळ घेऊन बसलेले. मी सायकल उलटी केली आणि पुढच्या चाकाचा खटका उघडला.

"ए! काय करतेस? वेडी की काय?"

"बसतंय ना माझं चाक तुमच्या सायकलला? की मला उगाच चार वर्षं हसवून घेतलंत?"

"अगं तिसरी आहेस तू!"

"ते मला माहीत आहे काका, ओरडू नका, नाहीतर माझा विचार बदलेल." खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं होतं ते रागाने की कशाने, कळत नव्हतं.

चाक बसलं. पट्कन, जणू त्याच सायकलचं. पण काका हलेनात. "तुला मागे टाकून कसा जाऊ? माझ्या मागे कोणी राहायचं नाही."

खरंच की. मग मी छातीवरचा नंबर काढला. शर्यत सोडणाऱ्याने नंबर शेपटाच्या हाती द्यायचा, हाही त्यांचाच नियम. "हा घ्या. मी उतरले. आता तुमच्या मागे कोणी नाही."

त्यांनी नंबर घेतला, नीट घडी करून वरच्या खिशात ठेवला. माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि काही न बोलता सायकलवर बसले. वळणाआड गेले. मला वाईट वाटलं, अगदी खरं सांगते. आणि तेवढ्यात वरून, धापेने तुटलेला आवाज आला, "धन्य... वाद... पोरी!" मागोमाग डबल बेल.

मी तिथे वाटेवर बसून हमसून हमसून रडले. एक मिनिटभर. मग उठले, कारण बेकरीवाली येताना दिसली. ती थांबली. गुळगुळीत सायकलीवरून पाय खाली टेकला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलं, "ठीक?" आणि उत्तर येईपर्यंत गेली नाही. "माझं चाक देऊ?" तिने विचारलं. एकोणतीस इंची! मी हसायलाच लागले. "नाही बसायचं गं. जा, तिसरी ये."

सायकल खांद्यावर, वाकडं चाक हातात, असे सहा किलोमीटर मी उतरले. मागून येणारा प्रत्येक जण हाक देऊन थांबायचा. "ठीक?" "ठीक." "ठीक?" "ठीक!" विसाव्याला मी खेकसले, "अहो, ठीक आहे म्हटलं ना!" त्यानेही धन्यवाद म्हटलं आणि गेला. एवढी चांगली माणसं एका डोंगरावर असतात हे मला बिनचाकाने चालल्याशिवाय कळलं नसतं.

खाली पोचले तेव्हा सव्वादहा झाले होते. पुढचा पाऊण तास, बापरे, तो काही सरेना. पावणेअकरा झाले. अध्यक्ष मोटारसायकलच्या सीटवर बोटं वाजवत होते. दहा पन्नास. नर्सबाई आणि काका सोडून सगळे दोरीपाशी उभे, कोणी केळंसुद्धा खात नव्हतं. दहा त्रेपन्नला झाडांमधून घंटा ऐकू आली. आधी नर्सबाई, चिखलाने माखलेली, हसतेय की रडतेय ते कळत नव्हतं. तिच्या मागे दहा हातांवर काका, माझ्या चाकावर. एकच ओरडा झाला. अकराला चार मिनिटं कमी.

अध्यक्षांना मात्र राहवलं नाही. "चार तास! मोटारसायकल असती तर या बाईंना मघाशीच खाली आणलं असतं."

नर्सबाई सायकलवरून उतरत होती. हेल्मेट काढून शांतपणे म्हणाली, "आणलं असतं हो. पण मोटारसायकलचं चाक माझ्या सायकलला बसलं नसतं."

आधी कोणीतरी एकटाच हसला, मग सगळेच. अध्यक्षही हसले, काय करतील! पुढच्या वर्षीचं शेपूट कोण, हा प्रश्न पुन्हा कोणी काढला नाही.

काकांनी दम घेतला आणि मोजणी सांगितली. "चौऱ्याऐंशी चढले. त्र्याऐंशी पोचले. एक मध्येच उतरली, दुसऱ्याला जागा देऊन." मग रांग लागली, आणि त्यांनी त्र्याऐंशी जणांना दुसरं भोक पाडलं. बेकरीवालीलाही. शेवटी खिशातून घडी काढून माझा नंबर उलगडला आणि त्यावर पंच ठेवला.

"अहो, त्यांनी शर्यत सोडली," अध्यक्ष म्हणाले. "यादीत नाव येणार नाही."

"यादी तुमची. पंच माझा," काका म्हणाले. "तिकीट इथपर्यंतचं होतं. आली ना इथपर्यंत?"

खट् आवाज झाला. नंबर त्यांनी माझ्या हातात दिला. मला धन्यवाद म्हणायचं होतं, सायकलसाठी, मऊ टायरसाठी, त्या पहिल्या दिवशी हसला नाहीत त्यासाठी. धाप नव्हती, तरी आवाज फुटेना. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "श्वास घे," म्हणाले, आणि डबल बेल दिली.